गॅरेज म्हणजे घर नव्हे

"परत मार," गुरुनाथ म्हणाला.

मी परत किल्ली फिरवली. इंजिन गरगरलं, गरगरत राहिलं आणि पेटलं मात्र नाही.

"पाय तळापर्यंत दाबून ठेव. हां. आता सोड. अगं, आत्ता नाही!"

"सोड म्हणालास म्हणून सोडला."

"मी म्हणायच्या आधी सोडलास. परत पेट्रोल गेलं आत. आता प्लग काढावे लागणार."

प्लग काढायचे म्हणजे काय, ते मला आता पाठ झालं होतं. गुरुनाथ गुडघ्यांवर बसून गाडीखाली हात घालणार, बोटं बधिर झाली की मला शिव्या देणार, मग ते चार प्लग स्वयंपाकघरात आणून ओव्हनमध्ये सुकवत ठेवणार, आणि सासूबाई त्या ओव्हनकडे नाक मुरडून बघत डाळीला फोडणी देणार. तोवर माझी क्लिनिकची वेळ टळलेली असणार. बाहेर उणे सव्वीस होतं. गुरुवार होता आणि शनिवारी माझी परीक्षा होती.

त्या परीक्षेबद्दल आधी सांगायला हवं. मी मिरजेची दंतवैद्य. लग्न होऊन कॅनडात आले तेव्हा समजलं की माझ्या डिग्रीला इथे कुणी विचारत नाही, परीक्षा पुन्हा द्यायच्या. लेखी परीक्षा सुटल्या. प्रात्यक्षिकात मात्र दोनदा आपटले. तीनच संधी देतात. ही तिसरी होती. तोवर मी दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये रोज सकाळी लाळ ओढायची नळी धरून उभी राहायची, आणि ज्याच्यासाठी धरायची तो डॉक्टर दाढ भरताना ज्या चुका करायचा त्या गप्प बसून बघायची. हे पुढची तीस वर्षं करायचं की नाही, ते शनिवारी सकाळी साडेआठ वाजता, साडेतीन तासांवरच्या शहरात ठरणार होतं.

आणि तिथवर न्यायला आमच्याकडे होती ही गाडी.

लाल रंगाची, जपानी, जुनी. गुरुनाथनं आमची चांगली चालणारी, रंगानं भिकार पण गुणानं सोन्यासारखी गाडी विकून ही आणली होती, कारण हिच्यात रोटरी इंजिन होतं. "पिस्टनच नाही, निवेदिता! विचार कर!" असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. मी विचार केला. सगळ्या जगाच्या गाड्यांना पिस्टन असतात तर आपल्या गाडीला का नसावेत, एवढाच विचार मला सुचला. मग त्यानं कागदावर काढून दाखवलं. एक लंबगोल पोकळी आणि तिच्यात गरगर फिरणारा समोशासारखा तिकोनी तुकडा. एवढंच इंजिन. उन्हाळ्यात ते सुरेख चालायचं, हे मी मान्य करते. डिसेंबर लागला आणि त्या समोशानं असहकार पुकारला.

मजा अशी, की गाडी रोज बंद पडत नव्हती. रोज पडली असती तर विकून तरी टाकली असती. ती सोमवारी पडायची. गुरुनाथ संध्याकाळी काहीतरी बदलायचा. मंगळवारी गाडी पहिल्या झटक्याला सुरू व्हायची. बुधवारीही. "बघितलंस? कॉइलच होती," असं म्हणून तो दोन दिवस छाती काढून फिरायचा. गुरुवारी पुन्हा नन्नाचा पाढा. मग बॅटरी बदलली. शुक्रवारी गाडी सुरू. "बॅटरीच होती!" शनिवारी बंद. मग प्लग, मग स्टार्टर, मग इंजिन रात्रभर गरम ठेवणारा हीटर. माझा नवरा खत कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचा इंजिनिअर आहे. त्याचा पगार यंत्रं दुरुस्त करण्याबद्दल मिळतो, हे मी त्या महिन्यात स्वतःला अनेकदा समजावलं.

गावातल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून आत बघितलं आणि देवळात आल्यासारखा गप्प उभा राहिला. त्यानं आयुष्यात रोटरी इंजिन बघितलं नव्हतं. मग गुरुनाथनं शहरातल्या कुणा रोटरी जाणणाऱ्याला फोन लावला. तो माणूस म्हणाला, "थंड गाडी चालू करून, जरा हलवून, लगेच बंद करता का? या इंजिनाला ते अजिबात चालत नाही. गरम व्हायच्या आत बंद केलं, की आत पेट्रोल साचतं. मग दुसऱ्या दिवशी कितीही कुटा."

"छे!" गुरुनाथ म्हणाला. "मी आणि माझी बायको, दोघंच चालवतो. दोघांनाही माहीत आहे."

फोन ठेवून त्यानं मला पुन्हा तेच बजावलं, जणू मीच रोज चोरून गाडी हलवत होते.

घरात आणखी दोन माणसं होती. माझे सासू-सासरे नोव्हेंबरात मालवणहून आमच्याकडे आले होते. ते इथे गाडी चालवत नव्हते, त्यामुळे त्यांना विचारायचा प्रश्नच आला नाही. सासऱ्यांचं आयुष्य बंदर खात्यात गेलेलं. माणूस हसतमुख, पण आमच्याकडे आल्यापासून जरा सुकल्यासारखे दिसायचे. पानातला भात चिवडत बसायचे. मला वाटायचं, थंडीमुळे. सासूबाई दिवसभर दोन स्वेटर चढवून स्वयंपाकघरात, आणि स्वयंपाक सगळा माझ्या पद्धतीचा: वरणभात, भाजी, पोळी. मी जन्माची शाकाहारी. पण घरात मासे नकोत असं मी कधीही, कुणालाही म्हटलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा मालवणला गेले तेव्हा आठ दिवस शेजारी बसून सगळ्यांची मासळी बघितली होती. वास आवडत नव्हता, पण तक्रार नव्हती. त्यानंतर एकदा सुट्टीत गेले तेव्हा मात्र घरात मासा दिसला नाही, आणि इथे आल्यावरही नाही. म्हणजे माझ्यासाठी म्हणून ही माणसं तोंड बांधून बसली होती, आणि मी न मागितलेल्या त्यागाचं ओझं रोज माझ्या ताटात वाढलं जात होतं. मला त्याचा वैतागच यायचा. एकदा मी सरळ म्हणाले, "आई, तुम्ही मासे करा की. मला चालतं."

"नको गो," त्या म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.

याहून जास्त मला दुसरी गोष्ट टोचत होती. माझ्या परीक्षेचं सासूबाई नावही काढत नव्हत्या. मिरजेहून माझी आई रोज फोनवर विचारायची, सासरे अधूनमधून "डागतरीण बाय, झाला काय वाचून?" म्हणायचे, पण सासूबाई नाहीत. मी विषय काढला तरी त्या तो असा उडवायच्या की बघत राहावं. त्याच आठवड्यात मी म्हणाले होते, "आई, शनिवारी माझी शेवटची परीक्षा. भीती वाटतेय."

त्या माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "भात जरा जास्त लावू काय?"

मी त्या दिवशी खोलीत जाऊन रडले. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा फोनवर याच बाई "असांदे, असांदे" म्हणून गप्प झाल्या होत्या, तेही आठवलं. यांना सून डॉक्टर होण्यात रस नाही, नातवंडात असेल, असा मी हिशेब मांडून टाकला.

तर त्या गुरुवारी सकाळी प्लग ओव्हनमध्ये, गुरुनाथ हात चोळत टेबलाशी, आणि सासूबाई चहा गाळत म्हणाल्या, "ह्या गाडयेन सोमवार धरल्यान, गुरवार धरल्यान, शनवार धरल्यान. आमच्यापेक्षा देवभोळी आसा."

सासरे खो खो हसले. हसता हसता एकदम थांबले आणि चहात बघायला लागले. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही.

"आई बरोबर बोलतायत," मी म्हणाले. "सोमवार, गुरुवार, शनिवार. दर वेळी तेच वार."

"गाडीला वार कळत नाहीत," गुरुनाथ म्हणाला.

"तिला कळत नसतील. पण शनिवारी माझी परीक्षा आहे आणि शनिवारी ही बंद पडते, एवढं मला कळतं."

"योगायोग आहे गं. काहीतरी लूज कनेक्शन असणार. थंडीत आकसतं."

"मग ते मंगळवारी का आकसत नाही?"

त्यानं मला नवीन स्टार्टरची पावती दाखवली.

दुसरी सोय नव्हती. शहराकडे जाणारी बस मंगळवारची. ओळखीच्या दोघातिघांना विचारून झालं होतं. अशा हवेत साडेतीन तास दुसऱ्याच्या बायकोला घेऊन कोण जाणार? शेवटी मी ठरवलं की शनिवारची भानगडच नको. शुक्रवारी गाडी चालते ना, मग शुक्रवारीच निघायचं. गुरुनाथची पाळी सहाला सुटली की तडक निघू, रात्री तिथे हॉटेलात राहू. गुरुनाथ तयार झाला. वर म्हणाला, "पण त्याची गरज नाही हां. स्टार्टरच होता."

शुक्रवारी गाडी सुरू झाली. मी क्लिनिकला गेले, दुपारी एकला परत आले, गाडी गॅरेजमध्ये लावली, जेवले आणि नेहमीसारखी वाचनालयात अभ्यासाला चालत गेले. घरात मला वाचवत नसे. तिथे पुस्तक उघडून बसते न बसते तोच तिथल्या बाईंनी दिवे घालवायला सुरुवात केली. वादळ येतंय, लवकर बंद करतोय. हमरस्ता पाच वाजता बंद करणार आहेत, रेडिओवर सांगितलं.

पाच वाजता! आणि गुरुनाथ सुटणार सहाला. मी गुरुनाथला फोन लावला, तो उचलेना. यंत्रांच्या गोंगाटात त्याला कधीच ऐकू येत नाही. मी बर्फातून जवळजवळ पळत सुटले. डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठत होतं, आणि ते थंडीनं आलेलं होतं असं मी म्हणणार नाही.

कोपऱ्यावरून वळले आणि थबकले.

आमची लाल गाडी गॅरेजच्या बाहेर, अंगणात उभी होती. चालकाच्या जागेवर माकडटोपी घातलेले माझे सासरे. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, बेतानं दहाबारा फूट पुढे जाऊन गॅरेजमध्ये शिरली, आणि त्यांनी लगेच ती बंद केली. मग उतरले, बॉनेटवर शाबासकीची थाप मारली आणि हात चोळत गॅरेजचं दार ओढायला लागले.

शहरातल्या त्या माणसाचा एकेक शब्द माझ्या कानात वाजला. थंड गाडी चालू करून, जरा हलवून, लगेच बंद.

"बाबा!"

ते असे दचकले की दार त्यांच्या हातातून सुटलं. आणि त्या उघड्या दारातून जो वास आला, तो मी मालवणात आठ दिवस घेतला होता. तळलेला बांगडा.

आत भिंतीशी एका पालथ्या खोक्यावर विजेची छोटी शेगडी. तिच्यावर तवा. तव्यापुढे दोन स्वेटर, वर गुरुनाथचा जुना कोट आणि डोक्याला शाल बांधलेल्या सासूबाई. हातात झारा. झाऱ्यावर बांगड्याची तुकडी. त्यांनी ती आधी पाठीमागे लपवली, मग लपवण्यात अर्थ नाही हे ध्यानात येऊन ताटलीत ठेवली.

बंद केलेल्या शेगडीवर तवा अजून चरचरत होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सूनबाय, तू रागाव नको," सासरे म्हणाले. "सगळा माज्यामुळे. माका मासो नसलो की घास उतरणा नाय."

"मग घरात करायचे ना! मी कधी नको म्हटलं? आणि गाडी का हलवता तुम्ही?"

"गाडयेत पेट्रोल, आणि हय तापलेला तेल!" ते जरासे दुखावून म्हणाले. "माका येवढी तरी अक्कल आसा. तळूच्या आधी भायर काढतंय, तळून झाला की आत लावतंय. कुणाक कळना नाय."

"आणि लगेच बंद करता?"

"मगे? काम झाला की बंद. फुकट कित्याक पेट्रोल जाळूचा?"

"कधी कधी करता हे?"

"रोज खंय? आयतवार, बुधवार, शुक्रवार. मासे खाऊचे वार. तू अभ्यासाक जातंस, गुरू कामावर नायतर आयतवारचो खेळाक जाता..."

रविवार, बुधवार, शुक्रवार. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार, गुरुवार, शनिवार. महिनाभर माझ्या इंजिनिअर नवऱ्यानं गाडीतला एकेक भाग बदलला होता. गाडीत काही बिघडलेलंच नव्हतं. आमच्या घरातले मासे खायचे वार पाळत होती ती बिचारी.

"बाबा," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला तो चढलाच, "या गाडीला हेच चालत नाही! गार असताना हलवून बंद केली की दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. महिनाभर यामुळेच बंद पडतेय! रस्ता पाच वाजता बंद होणार. माझी परीक्षा उद्या. शेवटची! आणि आत्ता, माझ्यासमोर, तुम्ही पुन्हा..."

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ते सासूबाईंकडे बघायला लागले. सासूबाई खोक्यावरच मटकन खाली बसल्या. तव्याशेजारी.

"मियां घात केलंय," त्या म्हणाल्या. "देवी, मियांच घात केलंय."

"आई, तुमचा काय संबंध? पण गॅरेजमध्ये का? माझ्यापासून लपवून का?"

"तुज्यापासून न्हय गो." त्या शालीच्या टोकानं डोळे पुसायला लागल्या. "मी सातेरी देवीक नवस बोललंय. सून परीक्षा पास होईसर माज्या घरात मासो शिजूचो नाय. पण हे जेवनासे झाले. अर्धे झाले माणूस. मगे म्हटलंय, गॅरेज म्हणजे काय घर न्हय. देवी समजून घेईत. आणि भायर बोलान दाखवलो तर नवस फुकट जाता. तू परीक्षेचा काढलंस काय नवस तोंडार येय. बोललंय तर जाईत सगळा वाया. म्हणान मी आपला भाताचा विचारी."

माझ्या परीक्षेसाठी नवस. नवसामुळे मासा गॅरेजमध्ये. माशामुळे गाडी बाहेर. आणि गाडीमुळे परीक्षा. एवढी प्रेमळ माणसं आणि एवढा पक्का घोटाळा! मला हसूही येत होतं आणि कुणाचा तरी गळा दाबावासाही वाटत होता, आणि कुणाचा ते ठरत नव्हतं.

"तुम्ही खाल्लात?" मी सासूबाईंना विचारलं.

"मी कशाक खाईन? नवस माजो ना."

साडेतीन वाजले होते.

"तवा राहू द्या," मी म्हणाले. "गाडीत बसा, दोघंही. कपडे बदलायचे नाहीत. आत्ता निघायचं."

"गाडी चालू होयत?" सासऱ्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

मी घरातून माझी पिशवी आणि अवजारांची पेटी उचलून आणली. सासूबाईंनी तेवढ्यात तळलेले बांगडे स्टीलच्या डब्यात भरून घेतले होते. अन्न टाकणं त्यांच्या रक्तात नाही. मागच्या अरुंद सीटवर दोघं एकमेकांत गुरफटून बसले. मी चालकाच्या जागी बसले, पाय तळापर्यंत दाबला, तसं केलं म्हणजे आत आणखी पेट्रोल जात नाही, हे महिनाभर शिव्या खाऊन शिकले होते, आणि किल्ली फिरवली.

गरगर. गरगर. काही नाही.

थांबले. बॅटरीला दम घेऊ दिला. पुन्हा. गरगर. काही नाही.

मागून सासऱ्यांचा आवाज आला. आधी मला वाटलं, पुटपुटतायत. मग कळलं, त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं. त्यांच्या गावी देवळात, शेतात, होडी पाण्यात ढकलताना घालतात तसं, खणखणीत आवाजात.

"बा माये सातेरी, आज ह्या परमुलखात तुजी लेकरां बर्फात बसून तुका हाक मारतत. आमच्याकडून जा काय चुकला माकला असात, गॅरेज तां घर न्हय असा म्हणान जी काय पळवाट काढली असात, ती पोटात घाल, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," सासूबाई म्हणाल्या.

मी तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. गरगर.

"माजो मासो बंद कर. ह्या मुलखातसून परत जाईसर मी मासो तोंडात घालूचंय नाय. पण आमच्या सुनेक तेवढी परीक्षेक पोचव, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सासूबाई ओरडल्या, आणि ऐकून माझं मलाच नवल वाटलं, पण मीही ओरडले.

चौथ्या वेळी पाय तळाला दाबून मी मनात दहापर्यंत मोजलं आणि अलगद सोडला. इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. मग गॅरेजभर पांढरा धूर झाला आणि त्या धुरात तो समोसा एकदाचा गुरगुरायला लागला. मागची दोघं लहान मुलांसारखी टाळ्या पिटत होती.

कारखान्याच्या फाटकापाशी मी एकसारखा हॉर्न वाजवला. पहारेकऱ्यानं आत निरोप पाठवला. दहा मिनिटांनी गुरुनाथ शिरस्त्राण घातलेलाच धावत आला.

"काय झालं? गाडी चालू झाली?"

"बस आत. बंद करायची नाही. का ते तुझे बाबा सांगतील."

सासऱ्यांनी सांगितलं. गुरुनाथनं सगळं ऐकून घेतलं. वळून आधी वडिलांकडे बघितलं, मग आईकडे, मग डब्याकडे. "म्हणजे कॉइल बदलायची गरज नव्हती," तो म्हणाला. "बॅटरीचीही. स्टार्टरचीही." मग म्हणाला, "डबा दे गो आये." आणि बांगडा खायला लागला. काचा उघडायची सोय नव्हती. साडेतीन तास मी त्या वासात गाडी चालवली. पाचाला मिनिट कमी असताना हमरस्त्याचं फाटक ओलांडलं. आमच्या मागच्या ट्रकला पोलिसांनी परत पाठवलं. सासऱ्यांनी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीकडे तोंड करून बसले होते.

शनिवारी सकाळी हॉटेलच्या तळघरात गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. परीक्षेच्या दारात मी दोघांना वाकून नमस्कार केला. सासूबाईंचे ओठ हलत होते, पण त्या काही बोलल्या नाहीत. मला आता त्याचं कारण माहीत होतं. नमस्कार करून मी आत गेले.

निकालाची तारीख मालवणला कळवून ठेवली होती; तो लागला तेव्हा मार्च अर्धा संपला होता. ते दोघं फेब्रुवारीतच परत गेले होते. गुरुनाथ अजून म्हणतच होता की त्या दिवशी गाडी नव्या बॅटरीमुळे सुरू झाली. मी सकाळीच मेलवर आलेलं पत्र दोनदा वाचलं आणि मिरजेच्याही आधी मालवणला फोन लावला.

"आई, पास झाले."

पलीकडून भांड्यांचा आवाज आला.

"आई?"

"थांब गो," त्या म्हणाल्या. "आदी तवो ठेवतंय. फोन ठेव नको."

फोन बाबांनी घेतला. "डागतरीण बाय!" ते म्हणाले. मागे चर्रर्र असा आवाज झाला. त्यांनी नाक शिंकरलं आणि हसले. "सकाळी सुरमय घेवन ठेवलेली. आज निकाल म्हणान. चार वर्सांनी ह्या घरात मासो पडता तव्यार."

"चार वर्षांनी?" मी म्हणाले. "नवस तर आमच्याकडे आल्यावर..."

"खंयचो! तू पयल्यांदा नापास झालंस नाय? त्या दिसापासून. तुजो फोन ठेवलान आणि थंयच बोलली. मी आपलो बहिणीकडे जावन खाय. तुज्याकडे बहीण खंय मिळतली, म्हणान तां गॅरेज. हिणां मात्र चार वर्सां तोंडाक लावूक नाय."

असांदे, असांदे. तेव्हा फोनवर त्या गप्प झाल्या होत्या, त्याचा मी काय अर्थ लावला होता! माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

"रडता काय ती?" मागून सासूबाईंनी विचारलं आणि फोन स्वतःकडे घेतला. "रडतंस कशाक? आता काय झाला?"

"काही नाही. आई, तुम्ही जेवा. गार होईल ते."

"जेवतंय. तू आस मरे फोनार. ठेव नको."

त्यांनी फोन पानाशेजारी ठेवला असावा. भात कालवल्याचा आवाज आला, ताटावर काटा ठेवल्याचा आला, बांगड्या वाजल्या. मध्येच त्या बाबांना म्हणाल्या, "मीठ कमी पडला." मग पुन्हा जेवू लागल्या. मी, जन्मात मासा न चाखलेली बाई, कॅनडात स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून, कान फोनला लावून, त्यांची सुरमई संपेपर्यंत ऐकत राहिले.